आटे तुमचे बरोबर होते, काका

काका, आधी वाचणाऱ्यांची निराशा करून टाकतो. विभागाच्या अंकात तुमच्यावर लिहायचं काम सरांनी मला दिलंय. त्यामुळं अर्ध्या जणांना वाटतंय, आता उत्तमकाकांची लई जोरदार नक्कल वाचायला भेटणार. उरलेल्या अर्ध्यांना वाटतंय, वर फुलांची चौकट असंल, मधी तुमचा पासपोर्ट फोटो, अन खाली जन्म, शिक्षण, नोकरी, मनमिळाऊ स्वभाव. दोघांनीबी पान उलटलं तरी चालंल. जन्म कधीचा ते तुम्हालाच पक्कं ठाऊक नव्हतं, गुरुजींनी सगळ्या वर्गाला एकच एक जून टाकला होता. अन मनमिळाऊ तर तुम्ही नव्हताच. कोणी तुमच्या स्टीलच्या डब्याचं झाकण हातोडीनं ठोकून उघडलं की तुम्ही पंधरा दिवस त्याच्याकडं बघत नव्हता.

मला एका डब्याबद्दल बोलायचंय. तुम्हाला त्यातलं सगळं ठाऊक आहे, एक गोष्ट सोडून. वाचणाऱ्यांना काहीच ठाऊक नाय, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगतो, तुम्ही तोवर चहा घ्या.

आमच्या लॅबमधी सिरॅमिकची पावडर भट्टीत नाय, पाण्यात बनते. त्याला पाण्याच्या तांब्याएवढा, जाड स्टीलचा डबा लागतो, वर आट्यांचं झाकण, आत टेफ्लॉनची पांढरी वाटी. झिर्कोनियमचं मीठ पाण्यात विरघळवायचं, वरून अमोनिया सोडला की दह्यासारखं होतं. ते वाटीत भरायचं, झाकण पान्यानं आवळायचं, अन डबा ओव्हनमधी एकशे ऐंशी डिग्रीवर एक दिवस ठेवायचा. आत पाण्याला उकळायचंय पण वाफेला जायला वाट नाय, म्हणून दाब धरतो. त्या दाबाखाली दह्याचे कण जुळून बारीक बारीक स्फटिक होतात. पुढं ही पावडर दाबून भाजली की इतकी टणक होते की तिच्या दाताच्या कॅपा करतात, कात्र्या करतात. नियम एकच. वाटी दोन तृतीयांश भरायची, वर जागा सोडायची. पाणी तापलं की फुगतं, अन फुगायला जागा नसली की मग ते कोणाचं ऐकत नाय.

हे डबे तुम्ही करायचा. बजाजनगरच्या गल्लीत एक शटर, आत आटे पाडायला एक लेथ, एक ड्रिल, अन तुम्ही.

आपली ओळख कशी झाली ते मी अजून लोकांना सांगतो. मी सिल्लोडहून नवीन आलो होतो. शाळेपासून माझं भांडवल एकच, लोकांचे आवाज. हेडमास्तर, कंडक्टर, ग्रामसेवक, शेजारची म्हैस. लॅबमधी आठवड्यात सरांचा आवाज काढला, मग स्टोअरवाल्याचा, मग तुमचा. तुम्ही डबा द्यायला आला होता अन घसा खाकरून एकच वाक्य बोलला होता, हवा बी निघायची नाय, पाणी तर लांबच. मला तेवढं बास होतं. पुढच्या खेपेला तुम्ही दारात कधी येऊन थांबला ते कळलंच नाय. मी स्टुलावर उभा, हातात रिकामा डबा, समोर पोरं पोट धरून. त्यांचं हसणं एकदम बंद झालं म्हणून वळलो. तुम्ही चष्मा वर सरकवला.

"आवाज बराबर हाय," तुम्ही म्हणाला. "पण मी एवढे हात हलवत नाय. एवढे हात हलवणारा टर्नर घरी बसून उरलेली बोटं मोजतो."

मी स्टुलावरून उतरून पायाच पडायला लागलो, तर म्हणाला, पुन्हा कर, हात न हलवता कर. त्यानंतर तुम्हीच मला आवाज दुरुस्त करून द्यायचा. इथं थांबायचं, इथं खाकरायचं. अशी नक्कल शिकवणारा माणूस मी दुसरा बघितला नाय. एकदा तर तुम्ही काकूंना फोन लावून माझ्या हातात दिला. मी खाकरून विचारलं, लता, येताना काय आणू. काकूंनी मेथी सांगितली, वर बीपीची गोळी घरीच राहिली म्हणून झापलं. तुम्ही शेजारी, तोंडात रुमाल कोंबून. संध्याकाळी तुम्ही मेथी विसरला अन रिकाम्या हातानं घरी गेला. दुसऱ्या दिवशी सांगत होता, ऐक रे शास्त्रज्ञ, माझ्या आवाजात तू दिलेला शब्द माझ्याच गळ्यात पडतो बघ. लई हसलो आपण. मला तेव्हाच शहाणपण यायला पाहिजे होतं.

मला शास्त्रज्ञ तुम्हीच म्हणायचा, अन त्यात टोमणा किती अन लाड किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाय. सिरॅमिकवरून तर आपलं कायमचं भांडण. तुमचं म्हणणं, पाण्यात शिजलेली वस्तू मऊ असते, भात बघ, डाळ बघ. भट्टीत भाजलेली टणक असते, वीट बघ. मग तुमच्या पाण्यातल्या पावडरीचा दात कसा होईल? मी समजावून दमलो. मग एकदा अजिंठ्याहून येताना लेण्यांच्या खाली दगड विकणाऱ्यांकडून एक स्फटिकांचा तुकडा घेतला, पांढरा, सुयांच्या जुडग्यासारखा, अन तुमच्या लेथवर आणून ठेवला. सांगितलं, काका, काळ्या दगडाच्या पोकळीत गरम पाणी शिरलं, कोंडून राहिलं, अन त्याच्यातून हे वाढलं. आपण डब्यात एका दिवसात करतो तेच डोंगरानं लाखो वर्षं बसून केलं. तुम्ही तो तुकडा उजेडात धरून लई वेळ फिरवत होता.

"म्हंजी डोंगर बी माझा डबाच हाय म्हण की."

व्हय, म्हणालो.

"फकस्त त्याला आटे नायत," तुम्ही म्हणाला, अन दिवसभर ह्या विनोदावर एकटेच हसत राहिला. तरी भांडण मिटलं नाय ते नायच. दुसऱ्या दिवशी तुमचा पुढचा प्रश्न तयार होता, डोंगराला घाई नव्हती, तुला कशाची एवढी घाई? ह्याचं उत्तर मी टोलवलं. तुमचा वरचा एक दात तुटलेला होता. माझ्या पावडरीचा तुम्हाला दात बसवून देतो म्हणून शब्दबी देऊन ठेवला. लॅबची पावडर कोणाच्या तोंडात घालता येत नाय, हे मला ठाऊक होतं अन बहुतेक तुम्हालाबी. पण येता जाता विचारायचा, दात कुठवर आला?

तुमची एक रीत होती. नवा डबा तयार झाला की त्यात पाणी भरून, झाकण नुसतं हातानं आवळून, पेपरावर उलटा ठेवायचा. सकाळी पेपराला ओल दिसली तर डबा भंगारात. दुरुस्ती नाय, पुन्हा स्टीलचा दुसरा बार घ्यायचा अन पहिल्यापासून सुरू. मी विचारलं होतं, एवढा कोरा पेपर बघून तुम्हाला काय भेटतं. तुम्ही म्हणाला, झोप. माझ्या चार वर्षांतली बहुतेक पावडर अशा कोऱ्या पेपरावर पास झालेल्या डब्यांतून निघालीय. आज लोक माझं काम चांगलं म्हणतात. त्या चांगल्यातलं निम्मं तुमच्या आट्यांचं आहे, हे मी भाषणात म्हणालो असतो तर टाळ्या पडल्या असत्या. तुमच्यासमोर म्हणायला मला कधी सुचलं नाय.

आता ती गोष्ट, जी तुम्हाला ठाऊक नाय.

दोन वर्षांपूर्वी सरांना चाचणीच्या गोळ्या दाबायला पावडर हवी होती. एका खेपेत पावडर निघते चमचाभर. लागणार होती दोन खेपांची. बाकीचे डबे दुसऱ्या पोरांनी लावलेले, माझ्या वाट्याला तुमचा सगळ्यात नवा डबा. अन सिल्लोडला चुलत भावाची हळद होती, माईक माझ्या हातात येणार होता, सगळं गाव वाट बघत होतं. दोन खेपा करत बसलो असतो तर हळद गेली असती. म्हणून मी वाटी गळ्यापर्यंत भरली. एक बोट जागा सोडली, तीबी नियमाला लाज नको म्हणून. झाकण आवळलं, टायमर लावला अन एसटी धरली. हळदीत तुमचाबी आवाज काढला, काका. गावात कोणी तुम्हाला ओळखत नव्हतं तरी हसले.

परत आलो तर ओव्हनच्या तळाला पांढरा सडा वाळून पडलेला. डब्याच्या तोंडाशी खरपुड्या. टेफ्लॉनच्या वाटीचा काठ फुगून वाकडा झालेला, झाकण बसंना. पाण्याला जागा मिळाली नाय म्हणून त्यानं काठ दाबून वाट काढली होती. तुमचे आटे मात्र जागच्या जागी. त्यांनी धरून ठेवलं म्हणून झाकण उडालं नाय, ओव्हनचं दार शाबूत राहिलं, अन बाजूच्या टेबलावर काम करणारी पोरगी शाबूत राहिली. त्या दिवशी तुमच्या डब्यानं मला वाचवलं, एवढं मला बघताक्षणी कळलं होतं. मी पहिलं काम काय केलं? वाटी धुवून टाकली, म्हणजे ती कुठवर भरली होती ते कोणाला दिसायला नको.

सर आले. डबा बघितला, मला विचारलं, काय झालं रे हे?

खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. खरं बोलायचं असंबी नाय. पोरं बघत होती, सर बघत होते, अन मला असं कोणी बघायला लागलं की माझ्या तोंडातून माझा आवाज निघतच नाय. मी घसा खाकरला, चष्मा वर सरकवल्यासारखं केलं अन तुमच्या आवाजात म्हणालो, "सर, आता हात कापतो ओ. आटं बसंनात पहिल्यासारखं."

हात अजिबात हलवले नाय. तुम्ही शिकवल्यासारखं, जिथं थांबायचं तिथं थांबलो. सगळे हसले. सरबी हसले. मग हसायचे थांबले अन म्हणाले, खरंच कापतो का रे त्यांचा हात?

मी मान अशी हलवली की ती हो पण नव्हती अन नाय पण नव्हती.

एवढंच झालं. सर चांगले आहेत, ते तुम्हाला एक शब्द वाकडा बोलले नाय. नुसता फोन करून बोलावून घेतलं. तुम्ही स्कूटीवर तसेच आला, हाताला तेल होतं. खिडकीत उभं राहून भिंगातून एकेक आटा बघितला. मग बाकीचे जेवायला गेल्यावर तुम्ही मला विचारलं, सरळ, एकदाच.

"वाटी किती भरली होती?"

"दोन तृतीयांश," मी म्हणालो. "नेहमीसारखी."

तुम्ही माझ्याकडं बघितलं. मी कुठं बघत होतो ते मला आठवत नाय.

"मग माझंच," तुम्ही म्हणाला, अन डबा पिशवीत घालून गेला.

त्याच्या पुढचे डबे सरांनी पुण्याहून मागवले. तुमचा अपमान व्हावा म्हणून नाय, तुमच्या हाताला त्रास नको म्हणून. तुम्हीबी विचारलं नाय. फक्त कधीकधी सुट्टीच्या दिवशी तुमचा फोन यायचा. ओ शास्त्रज्ञ, एकशे ऐंशीला स्टील किती फुगतं? झाकण अन डबा एकाच बारचे असले तर दोघं सारखेच फुगतात का? टेफ्लॉन स्टीलपेक्षा जास्त फुगतं का? मी वहीत बघून, गणित करून, दशांशापर्यंत सांगायचो. तुम्ही पेनानं लिहून घ्यायचा, मला कागदाचा आवाज यायचा. दोन वर्षांत तुम्ही विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची मी बरोबर उत्तरं दिली. एक सोडून.

सांगणार होतो. हे सगळेच म्हणतात, पण मी खरंच एकदा बजाजनगरला त्यासाठीच आलो होतो. आपण टपरीवर चहा घेत होतो. मी म्हणालो, काका, त्या डब्याचं एक सांगायचं होतं. तुमचा कप हवेतच थांबला. तुम्ही इतक्या आशेनं बघितलं की मला वाटलं, आता हा माणूस विचारणार, काय चुकलं होतं माझं? अन मी दाताच्या डॉक्टरचा आवाज काढला. म्हणालो, पेशंट, तोंड उघडा, तुमचा दात अजिंठ्याच्या डोंगरात तयार होतोय, अजून लाखभर वर्षं लागतील. तुम्ही हसला. चहा सांडला तुमच्या शर्टावर. मग जाताना म्हणाला, डब्याचं काय ते सांग कधी तरी. सवडीनं सांग.

आता मला सवड आहे.

तुम्ही गेल्याचं सरांनी सांगितलं. सकाळी चहा घेता घेता बसल्या जागी गेलात म्हणं. अंत्यविधीला मी होतो, पण मागं उभा होतो. पुण्यानुमोदनाला, म्हणजे तुमच्या आठवणीच्या कार्यक्रमाला, पुढं यावं लागलं. घरासमोर मांडव, सतरंज्या, बुद्धवंदना झाली, चारदोन जण बोलले. वाळूजच्या कारखान्यांतले तुमचे जुने सोबती सगळे आले होते, ज्यांच्या नखांतलं तेल लग्नकार्यालाबी निघत नाय असे. तुमची सुजाता माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, दादा, एकदा पप्पांच्या आवाजात बोलशील? नुसतं लता म्हण, बाकी काय नको.

मी घसा खाकरला. काका, तुमचं खाकरणं बरोबर आलं. त्याच्या पुढं काय निघालं नाय. ती राहू दे म्हणून उठून गेली.

मग मी आत गेलो. काकू परातीत भात मोकळा करत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, हळदीपासून. गळ्यापर्यंत भरलेली वाटी, सर, तुमचा आवाज, तुमचा प्रश्न, माझं उत्तर. सांगताना खाली बघत होतो, भाताच्या वाफेत. त्यांनी उलथनं बाजूला ठेवलं तेव्हा वाटलं, आता एक बसंल. बसली असती तर बरं झालं असतं.

काकूंनी मला हलक्या आवाजात बोलायला सुरुवात केली, कारण बाहेर पाहुणे होते. तुम्ही दोनदा चष्मा बदलला, हे मला ठाऊक होतं. बाकीचं नव्हतं. व्हॉल्व्हवाले शेठ वर्षानुवर्षं बारीक आट्यांचं काम घेऊन यायचे, त्यांना तुम्हीच दारातून परत पाठवलं, म्हणाला, आता माझ्या हाताचं खरं नाय. गेल्या दोन वर्षांत तुम्ही नुसत्या गेटच्या बिजागऱ्या अन ट्रॉलीच्या पिना केल्या. अन मी लोकांना सांगत फिरत होतो की काकांनी वयामुळं काम कमी केलंय. तो डबा घरी फडताळात होता. दर रविवारी त्यात पाणी भरून पेपरावर उलटा. दर सोमवारी पेपर कोरा. काकू म्हणायच्या, कोरा आहे की हो, मग कशाला जीव काढता? तुमचं म्हणणं, गार असताना कोराच असणार, तापल्यावर माझं कुठं तरी चुकतंय.

"ताटावर बसले की दोन्ही हात असे पुढं धरायचे," काकू म्हणाल्या, अन त्यांनी भात लागलेले हात माझ्यापुढं धरून दाखवले. "मला विचारायचे, लता, कापतात का बघ. मी म्हणायचे, नाय कापत. त्यांना वाटायचं मी मन राखते. दोन वर्षं मला खोटं पाडलं तू."

मी माफी मागितली. काकू, मला माफ करा, एवढंच आलं.

"मला कशाला मागतो? मी आटे पाडते का?" आता त्यांचा आवाज चढला होता, अन बाहेरचं बोलणं थांबलं होतं. "भाईर बसलेत ते सगळे लेथवाले हायत. हळहळायला आलेत, पण मनात काय घेऊन आलेत ठाऊक हाय तुला? उत्तमचा हात गेला होता, हेच. त्यांच्या धंद्यात माणूस गेला तरी चालतंय, हात गेला म्हणलं की संपलं. जा, त्यांच्यासमोर उभा राहा अन सांग वाटी कोणी भरली. तुझ्या आवाजात सांगायचं. ह्यांच्या आवाजात एक शब्द काढलास तर ह्याच उलथन्यानं थोबाड फोडीन."

मी म्हणालो, काकू, आत्ता? पंगत बसतेय.

"मग कधी? आणखी कोणी मरायची वाट बघतोस का? ऊठ."